तीन दिवसांचं ट्रेनिंग, आणि पहिले दोन दिवस कुणाला हातच लावला नाही

रातपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची सांगलीची. २०२२ च्या शेवटी केअर व्हिसावर इंग्लंडला आले. सध्या उत्तरेकडच्या एका गावात सपोर्ट वर्कर आहे. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं आमच्या युनिटमध्ये राहतात. घरच्यांना अजून वाटतं मी 'हॉस्पिटलात' आहे. समजावणं सोडून दिलंय.

इथे 'रिस्ट्रेंट' हा रोजच्या बोलण्यातला शब्द. मराठीत एका शब्दात मला तरी तो सांगता येत नाही. माणसाला धरून ठेवणं, बांधणं हे त्यात येतंच. पण पलंगाचे कठडे उगाच वर करून ठेवणं, ज्यातून उठताच येत नाही अशा खोलगट खुर्चीत बसवणं, वॉकर मुद्दाम लांब ठेवणं, 'जरा शांत राहतील' म्हणून गोळी देणं, 'उठलात तर बघा' असं दटावणं, हे सगळंही रिस्ट्रेंटच. आपल्याकडे यातल्या निम्म्या गोष्टींना आपण 'काळजी घेणं' म्हणतो, मीही म्हणायचे.

माझ्या पहिल्या नोकरीत (नाव सांगणार नाही) याचं ट्रेनिंग झालं ते सकाळी दहा ते दुपारी दोन. एका हॉलमध्ये निळ्या मॅट टाकलेल्या. एकाने मनगट असं धरायचं, दुसऱ्याने कोपर तसं, मग खाली कसं बसवायचं. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणून मला डोकं सांभाळायला ठेवलं. ट्रेनर गमत्या होता, आम्ही पोट धरून हसलो. चहा, बिस्किटं, सर्टिफिकेट. दुसऱ्याच आठवड्यात मी एका माणसाचे हात धरले. त्याचं नावही मला तेव्हा धड घेता येत नव्हतं. का धरले? तो दाराकडे पळाला म्हणून. दाराबाहेर काय होतं? बाग. चारी बाजूंनी कुंपण असलेली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता दुसरीकडे आहे. इथे गेल्या महिन्यात तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, रिस्ट्रेंट रिडक्शन नेटवर्कच्या (रिस्ट्रेंट कमी व्हावं म्हणून काम करणारी इथली संस्था) मानकांप्रमाणे. ही मानकं २०१९ ची आहेत, हेल्थ एज्युकेशन इंग्लंडने (आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तेव्हाची सरकारी संस्था) तयार करून घेतलेली. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला आधी स्वतःला प्रमाणित करून घ्यावं लागतं, म्हणजे मास्तरचीच परीक्षा.

पहिल्या दिवशी मी सवयीने ट्रॅकपँट घालून गेले. मॅट नव्हत्याच! ट्रेनर बाईंनी आमच्या मॅनेजरकडून जुन्या नोंदी आधीच मागवून वाचल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न: 'गेल्या खेपेला तुम्ही कुणाला धरलंत, आणि त्याच्या आधी अर्धा तास काय चाललं होतं?' एकालाही सांगता आलं नाही. धरल्यानंतरचं सगळ्यांना पाठ. कोण कुठे उभं होतं, किती मिनिटं, कुणाला ओरखडा आला. आधीचा अर्धा तास कोरा.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, लोकरी स्वेटर, हातात थर्मास. मला वाटलं ट्रेनरच. त्या कधीकाळी पेशंट होत्या, वॉर्डांमध्ये कितीतरी वेळा त्यांना जमिनीवर धरलेलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, मला आठवतो तो कार्पेटचा वास. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून दोन माणसं एकमेकांशी शनिवारच्या मॅचबद्दल बोलत होती ते. त्यांच्यासारख्या अनुभव घेतलेल्या लोकांना शिकवण्यात सामील करून घ्यायचं, असं मानकांतच आहे.

मनगटं-कोपरं आली ती तिसऱ्या दिवशी. तीही मोजकी, आमच्या युनिटला खरोखर लागतील तेवढीच. जमिनीवर पाडून धरण्याचं काही शिकवलं नाही, कारण नोंदी बघून त्यांना त्याची गरज दिसली नाही. आमच्यातला एक दांडगा पोरगा हिरमुसला.

आता माझी अडचण. ट्रेनिंग संपवून शिफ्टला गेले तर रोटा (कोण कधी कामावर, त्याचं वेळापत्रक) तोच. दोन माणसं कमी, एजन्सीची एक मुलगी पहिल्यांदाच आलेली. मग हे सगळं नुसतं कागदोपत्री समाधान आहे का? इथे केअरमध्ये किंवा नर्सिंगमध्ये असलेल्यांनी कृपया लिहा.

बाराखडी

वाचतेय. कार्पेटचा वास डोक्यातून जात नाहीये.

तिरकस

लेख चांगला, पण थोडं जमिनीवर येऊया का? माझी मेहुणी बर्मिंगहॅमजवळ मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी एका पेशंटने तिच्या दंडाचा लचका तोडला. टाके पडले, इंजेक्शनं झाली, तीन महिने झोप नाही. त्या वेळी तिने काय करायचं होतं, 'आधीचा अर्धा तास' आठवत बसायचं? ज्यांना रात्री वॉर्डात उभं राहायचं नाही तेच असली मानकं लिहितात. अनुभव घेतलेले पेशंट आणता ना? मग मार खाल्लेल्या नर्सलाही आणा व्यासपीठावर.

खडूस_काका

तिरकस, तुमच्या मेहुणीबद्दल वाईट वाटलं. माझ्याही डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, कारण तेच. १९९७ पासून इथे मानसिक आरोग्याचा नर्स आहे, आता दोन वर्षांत निवृत्त होईन. त्यामुळे 'रात्री वॉर्डात उभं राहायचं नाही' हा शेरा मला लागू नाही, म्हणून लिहितो.

मी आलो तेव्हा या ट्रेनिंगचं नावच 'कंट्रोल अँड रिस्ट्रेंट' होतं. हे तंत्र तुरुंग खात्यातून आलेलं, ऐंशीच्या दशकात तिथे बसवलेलं आणि मग हॉस्पिटलांनी उचललेलं. आम्हाला शिकवणाऱ्यांत पूर्वी तुरुंगात नोकरी केलेले होते. मनगट दुमडून दुखवायचं म्हणजे माणूस ऐकतो, हे सरळ सरळ शिकवायचे. मीही केलंय.

१९९८ साली नॉर्विचमध्ये डेव्हिड बेनेट नावाचा ३८ वर्षांचा पेशंट गेला. कॅरिबियन वंशाचा, 'रॉकी' म्हणायचे त्याला. दुसऱ्या पेशंटशी वाद झाला, त्याला वर्णावरून शिव्या मिळाल्या, आणि दुसऱ्या वॉर्डात हलवलं ते यालाच. तिथे त्याने एका नर्सला मारलं. मग त्याला पालथा पाडून सुमारे २५ मिनिटं दाबून धरला. तिथेच श्वास थांबला. चौकशी समितीचा अहवाल २००४ मध्ये आला, त्यात शिफारस होती की पालथं धरायचंच झालं तर तीन मिनिटांच्या वर नाही. आमच्या वॉर्डात त्यानंतर भिंतीवर घड्याळ लागलं. खरं सांगतो, आमच्यावर झालेला परिणाम एवढाच: एक घड्याळ!

२०१० मध्ये लंडनच्या बेथलेम हॉस्पिटलात सेनी लुईस. वय २३. आई-वडील स्वतः त्याला बरं वाटावं म्हणून घेऊन आले होते. त्या रात्री ११ पोलिसांनी त्याला धरलं. तो शुद्धीवर आलाच नाही, काही दिवसांनी गेला. आई-वडील सात वर्षं झगडले तेव्हा २०१७ मध्ये ज्युरीने सांगितलं की बळाचा वापर अवाजवी होता. त्यातून २०१८ चा कायदा आला, त्याला इथे 'सेनीज लॉ' म्हणतात. अंमल सुरू झाला मार्च २०२२ च्या अखेरीस. मानसिक आरोग्याच्या प्रत्येक युनिटला एक वरिष्ठ जबाबदार माणूस नेमावा लागतो. धोरण, पेशंटला त्याच्या हक्कांची माहिती, बळाच्या वापराची नोंद, स्टाफचं ट्रेनिंग, हे सगळं कायद्याने बंधनकारक. पोलीस आले तर शक्यतो अंगावर कॅमेरा चालू. रातपाळी म्हणतेय ती मानकं या कायद्याच्या मार्गदर्शक सूचनांत घेतली आहेत.

मध्ये एक राहिलं, आणि या धाग्याला तेच जास्त लागू आहे. विंटरबोर्न व्ह्यू. ब्रिस्टलजवळचं खासगी हॉस्पिटल, अगदी तुझ्या युनिटमध्ये आहेत तशाच लोकांसाठीचं. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथला छळ दाखवला. ११ जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. हे सगळ्यांना माहीत असतं. सरकारी अहवालातल्या दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. एक, १५ महिन्यांत तिथे धरण्याच्या ५०० हून जास्त घटना नोंदवलेल्या होत्या. लपवलेल्या नव्हत्या, लिहिलेल्या होत्या! कागदावर होत्या आणि कुणी वाचल्या नाहीत. दुसरी, तिथल्या स्टाफला दुसरं कसलं ट्रेनिंग दिल्याचा फारसा पुरावाच मिळाला नाही, धरण्याचं मात्र दिलेलं. हातात फक्त हातोडा दिला आणि पुढे माणसं बसवली.

म्हणून रातपाळी, तुझ्या ट्रेनर बाईंनी जुन्या नोंदी मागवून वाचल्या ना, माझ्या लेखी तीन दिवसांतलं सर्वांत मोठं काम ते. उरलेलं नाटक-नाच.

तिरकस

काका, प्रतिसाद भारी. पण माझा प्रश्न तसाच राहिला. लचका तोडत असताना काय?

रातपाळी

तिरकस, धरायचं. सरळ उत्तर. मानकांत 'कधीच धरू नका' असं कुठेही नाही. चावा कसा सोडवायचा तेही तिसऱ्या दिवशी शिकवलं. इथे लिहीत नाही, वाचून शिकायची गोष्ट नाही ती.

फक्त धरताना दोन प्रश्नांची उत्तरं देता यायला हवीत. इथे मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ आहे, ज्यांना त्या क्षणी स्वतःचा निर्णय घेता येत नाही त्यांच्यासाठी. त्यात रिस्ट्रेंट कधी चालेल ते स्पष्ट आहे: त्या माणसाला इजा होण्यापासून वाचवायला ते आवश्यक असलं पाहिजे, आणि इजेची शक्यता आणि गांभीर्य यांच्या प्रमाणात असलं पाहिजे. तुमच्या मेहुणीवर हल्ला झाला तेव्हा स्वसंरक्षण आहेच. माझ्या बागेच्या दाराला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. मी त्या माणसाला धरलं कारण मला हॉलमध्ये धरायला शिकवलं होतं आणि दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

आणि मार खाल्लेल्या नर्सला व्यासपीठावर आणा, हे पटलं. आमच्या ट्रेनर बाईंना तसं कळवलंय.

पोफळी

मी लेस्टरला असते, मूळ सावंतवाडी. नर्स-बिर्स नाही, अकाउंट्समध्ये आहे. पण माझ्या सासूबाई गेल्या वर्षी जाईपर्यंत तीन वर्षं इथल्या केअर होममध्ये होत्या. डिमेन्शिया. रातपाळीने खोलगट खुर्ची लिहिली तिथे मी वाचता वाचता थांबले, कारण आमच्या आई त्याच खुर्चीत असायच्या. आम्हाला वाटायचं काय मऊ, आरामशीर खुर्ची दिलीय. आम्ही आभार मानले होते हो त्यांचे!

आईंचं इंग्रजी हळूहळू गेलं. चाळीस वर्षं या देशात काढली, पोस्टात नोकरी केली, पण शेवटी उरली ती मालवणी, आणि तीही लहानपणची. रोज चार वाजले की सुरू, 'माका घराक जावचा हा'. दार वाजवायच्या. स्टाफच्या वहीत लिहिलेलं असायचं: 'आक्रमक, समजावणीला प्रतिसाद नाही.' समजावणी इंग्रजीत! मग डॉक्टरांकडे निरोप, शांत करायचं औषध सुरू करता येईल का.

माझ्या नणंदेने तेव्हा शोधून काढलं की २००९ मध्ये इथे प्रोफेसर सुबे बॅनर्जींचा एक सरकारी अहवाल आला होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० लोकांना दर वर्षी अशी औषधं दिली जात होती, आणि त्यापायी वर्षाला साधारण १,८०० जास्तीचे मृत्यू होतात असा अंदाज होता. ती प्रिंट काढून घेऊन गेली मीटिंगला. भांडली नाही, नुसती टेबलावर ठेवली.

औषध सुरू झालं नाही. त्याऐवजी मी रोमन लिपीत कार्डं करून दिली. दुखता, मुताक, पाणी, थंडी वाजता, बसा आये, येतलंय हा. घानाची एक केअरर होती, तिने दोन दिवसांत पाठ केली. ती चार वाजता कपभर चहा घेऊन यायची आणि 'येतलंय हा' म्हणून शेजारी बसायची. आईंना ते इतकं आवडायचं की त्या तिला तिचं माहेर विचारायच्या. रोज जमायचं असं नाही. ती सुट्टीवर असली की पुन्हा वही, पुन्हा 'आक्रमक'.

हे रिस्ट्रेंट कमी करण्याचं ट्रेनिंग म्हणायचं का माहीत नाही.

खडूस_काका

म्हणायचं. त्याच्यापुढे माझी तीस वर्षं झक मारतात.

कोथरूडकर

अवांतर: केअर व्हिसा अजून मिळतो का? चुलतभावासाठी हवाय.

रातपाळी

कोथरूडकर, २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करसाठी बाहेरून नवीन भरती बंद आहे. कुणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका.

अबोली

मी पुण्याची. इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

माझे बाबा मागच्या पावसाळ्यात आयसीयूत होते, नाव नको. न्यूमोनिया. तिसऱ्या दिवशी भेटायला गेले तर दोन्ही हात गॉज बँडेजने पलंगाच्या दांड्याला बांधलेले. मनगटं लाल. सिस्टर म्हणाल्या, 'वात झालाय त्यांना, नळ्या ओढतात.' बाबा मला ओळखत नव्हते, पण एकच सांगत होते, 'यांना सांग, मी चोरी केलेली नाही.' आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस.

मी काय केलं? काही नाही. 'सिस्टर, जरा सैल बांधा' एवढंच म्हणाले. ते बरे होऊन घरी आले, आता ठीक आहेत. पण मनगटावर घड्याळ घालत नाहीत. विचारलं तर म्हणतात, घट्ट होतं.

दोष द्यायचा नाहीये. रात्री सहा पेशंटना दोन सिस्टर होत्या, त्याही विशीतल्या पोरी. फक्त विचारायचं होतं, आपल्याकडे याचं काही आहे का?

सिस्टर_माई

अबोली बाळा, तू 'सैल बांधा' म्हणालीस तेही पुष्कळ. खूप लोक 'बरं झालं बांधलं' म्हणतात.

मी ३१ वर्षं एका सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करून २०१९ ला निवृत्त झाले. आपल्याकडे कायदा आहे, आणि चांगला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, अमलात आला २०१८ च्या मे अखेरीस. कलम ९५ मध्ये साखळदंड कुठल्याही स्वरूपात चालणार नाहीत. ते का घालावं लागलं, तर २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीने बांधलेली माणसं जागेवरच जळाली. २८ गेली. तेव्हा आमच्या वॉर्डात आठवडाभर कुणी नीट जेवलं नव्हतं.

कलम ९७ बंधनाबद्दल. एकटं कोंडून ठेवायला पूर्ण बंदी. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा लगेच होणारी इजा टाळायला दुसरा मार्गच नाही, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने तशी परवानगी दिली आहे. गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. कागदावर कारण, वेळ, सगळं. पेशंटने नेमलेल्या माणसाला २४ तासांच्या आत कळवायचं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. आणि शेवटचं, जे मी निवृत्तीच्या आधी वॉर्डातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं: केवळ माणसं कमी आहेत म्हणून नाही.

मेट्रनने पुसायला लावलं. म्हणाली, 'माई, हे वाचलं तर उद्यापासून वॉर्ड बंद करावा लागेल.'

पण तुझ्या बाबांचं आयसीयू म्हणजे काही मानसिक आरोग्य केंद्र नव्हे. तिथे हे कलम कुणी काढत नाही. तिथे सिस्टरचं डोकं आणि तिची शिफ्ट, एवढंच. पुन्हा कधी वेळ आली, न येवो, तर हे कर: चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते आधी घालायला सांग. वृद्ध माणूस न दिसता, न ऐकू येता परक्या उजेडात पडला की वात होणारच. घड्याळ दिसेल असं ठेवायला सांग. घरचं माणूस आत बसू द्या म्हणून भांड. नळी खरंच अजून हवी आहे का ते डॉक्टरांना रोज विचार. लघवीची नळी तर सवयीने राहून जाते, आणि म्हातारी माणसं सगळ्यांत आधी तीच ओढतात. ओढणारच, तुला ठेवली असती तर?

आणि ट्रेनिंगचं म्हणशील तर एकतीस वर्षांत मला धरायला कुणी शिकवलं नाही. आमच्या वॉर्डातल्या मामांकडे बघून शिकले. त्यातले एक मामा होते, ते कुणालाही न धरता पेशंटच्या शेजारी उकिडवे बसून तंबाखू मळायचे. निम्मी भांडणं तिथेच विझायची. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'सिस्टर, उभ्या माणसाची भीती वाटते.' त्यांचं शिक्षण चौथी.

रातपाळी

माई, आमच्या दुसऱ्या दिवसाच्या स्लाइडवर अगदी हेच होतं. उंची कमी करा, समोर नको, बाजूला बसा, हात दिसू द्या. मामांनी तंबाखूचा भाग जास्तीचा शोधला.

तिरकस

माईंचा फळा वाचून गप्प बसणार होतो, पण नाही राहवत. मुद्दा तोच आहे ना? माणसं कमी. तीन दिवस ट्रेनिंग म्हणजे तीन दिवस माणसं रोट्यातून बाहेर. मग त्या तीन दिवसांत एजन्सीची न शिकलेली माणसं. हिशेब कसा बसवायचा? आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचा धंदा मात्र जोरात.

खडूस_काका

हिशेब बसत नाही, बरोबर आहे. धंद्याचंही खोटं नाही. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर आणि वॉर्डात जैसे थे, असं मी पाहिलंय. पालथं धरू नका असं सरकारने २०१४ मध्येच सांगितलं. तरी अजून धरतात.

पण या धाग्यावर कुणी न काढलेला विषय काढतो. मी वर दोन नावं लिहिली, बेनेट आणि लुईस. दोघेही काळे. हा योगायोग नाही, आणि इथल्या कृष्णवर्णीयांना जास्त धरलं जातं हे आकडे ठेवायला लागल्यापासून दर वर्षी दिसतं. आता आपलं बघूया. आमच्या हँडओव्हरला (पाळी बदलताना पुढच्यांना माहिती देतात तेव्हा) मी आपल्याच देशी मंडळींकडून ऐकलंय, 'तो काळा आहे, अंगाने दांडगा आहे, दोन जण जास्त द्या.' त्याने काही केलेलं नसतं. मीही मान डोलावलीय. हे आपण इथे येऊन शिकलो असं नाही, घरून घेऊन आलो. सेनीच्या कायद्यात ट्रेनिंगमध्ये काय हवं त्याची यादी आहे, त्यात भेदभाव टाळणं आहे. ट्रेनिंगच्या त्या तासाला आपली माणसं फोन बघत बसतात, कारण वाटतं हे गोऱ्यांसाठी आहे.

दुसरं, व्हिसा. ज्याची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर (व्हिसासाठी हमी देणारा मालक) शोधायचा, तो मॅनेजरला 'तुम्ही चुकीचं धरताय' कसं म्हणेल? विंटरबोर्नला एका वरिष्ठ नर्सने कॅमेऱ्याच्या कितीतरी महिने आधी लेखी तक्रार केली होती. इथलाच माणूस, व्हिसाचं ओझं नाही, तरी कुणी दाद दिली नाही. मग सांगलीच्या पोरीचं कोण ऐकणार?

रातपाळी

काका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. पहिल्या नोकरीत मी बोलले नाही त्याचं कारण तेच होतं. इंग्रजी येत नव्हतं असं मी लोकांना सांगते. येत होतं.

पहिल्या मुद्द्यावर मान खाली.

बाराखडी

पुढे काय झालं ते लिहाच, रातपाळी. रोट्याचं.

रातपाळी

(तीन आठवड्यांनी.) उशीर झाला, सलग नाइट होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून लिहितेय.

रोटा तसाच आहे. पण ट्रेनर बाईंच्या त्या प्रश्नावरून आम्ही तिघींनी एक वही सुरू केली. फक्त आधीच्या अर्ध्या तासाची. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना काका म्हणूया (आपले खडूस_काका नव्हेत). बोलत नाहीत. संध्याकाळी अधूनमधून एकदम उठून जवळच्या माणसाला मारतात, आणि मग त्यांना धरलं जातं. नोंदीत नेहमी 'कारण नसताना'.

वहीत दहा-बारा दिवसांत दिसलं की ते फक्त शिफ्ट बदलताना होतं. आम्ही हँडओव्हर त्यांच्या बसायच्या खोलीच्या दारात उभं राहून करायचो. चार-पाच जण, हातात चाव्या, कोट घातलेले, आणि बोलणं त्यांच्याचबद्दल. त्यांना ऐकू येतं हे आम्ही विसरलोच होतो. शिवाय जाणारी माणसं त्यांचा निरोप न घेता जायची.

आता हँडओव्हर धुलाईच्या खोलीत करतो. अडचण होते, ड्रायरचा आवाज येतो. आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकाने आधी काकांसमोर बसून बाय म्हणायचं. मॅनेजरला हे पटवायला मला जमलं, खरं तर जमलं ते ट्रेनिंगच्या कागदामुळे. 'मला वाटतं' असं न म्हणता 'मानकांत असं आहे' म्हणाले. व्हिसावरच्या माणसाला तेवढा कागद पाठीशी असणं काय असतं, ते इथल्यांना कळणार नाही.

दोन आठवडे धरावं लागलं नाही. मग गेल्या गुरुवारी एजन्सीचा एक नवा मुलगा आला, त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो दारातच उभा राहून फोनवर बोलत होता. काकांनी मारलं. त्याने आणि अजून एकाने धरलं, चार मिनिटं. मी दुसऱ्या टोकाला होते, पोचेपर्यंत संपलं होतं.

नंतर मुलगा जिन्यावर बसून थरथरत होता. एकोणीस वर्षांचा असेल. मी त्याच्या शेजारी बसले. काका त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवले नाहीत.

सिस्टर_माई

त्या पोराला वही दाखवलीस का?

रातपाळी

त्याच रात्री दाखवली, माई. आता काकांचं एक पान वेगळं लिहून, लॅमिनेट करून स्टाफच्या फ्रिजवर लावलंय. नवीन आलेल्याने डबा आत ठेवताना वाचायचं आणि खाली सही करायची. आत्तापर्यंत सहा सह्या झाल्यात, त्यात त्याची एक आहे. काल तो पुन्हा आला होता, जाताना काकांसमोर बसला. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

निघते, साडेसातची बस आहे.